कॅथेड्रल म्हणजे गुरूची खुर्ची



मे महिन्याची सुट्टी असो वा डिसेंबरातील संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण, आपल्या धर्मग्रामातून कुणी ना कुणी गोव्याला जातच असते. जुन्या गोव्यात बस थांबली की सगळे प्रथम बॉम जेझू बासिलिकेत संतांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेतात. मग रस्ता ओलांडून समोरच्या भव्य, पांढऱ्या चर्चमध्ये शिरतात. छत किती उंच आहे ते पाहतात, फोटो काढतात आणि दहा मिनिटांत बाहेर येतात. ते चर्च म्हणजे से कॅथेड्रल. त्याला दहा मिनिटे पुरत नाहीत. ही वास्तू आपल्या श्रद्धेविषयी एक अवघड प्रश्न विचारते आणि आपल्या तरुण मुलामुलींना तोच प्रश्न कॉलेजात व कामाच्या ठिकाणी विचारला जातो. म्हणून आजच्या पाठात आपण या कॅथेड्रलचा परिचय करून घेऊ.

कॅथेड्रल कशाला म्हणतात?

मोठे चर्च म्हणजे कॅथेड्रल, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. 'कथेड्रा' या ग्रीक शब्दाचा अर्थ खुर्ची, आसन. ज्या चर्चमध्ये महागुरूंचे म्हणजे बिशपांचे आसन असते ते कॅथेड्रल, मग ते लहान असो की मोठे. 'से' हा पोर्तुगीज शब्दही आसन या अर्थाच्या लॅटिन शब्दापासूनच आला आहे. 'बासिलिका' हा मात्र पोप महोदयांनी दिलेला सन्मान आहे. बॉम जेझू चर्चला तो १९४६ मध्ये मिळाला. संत झेवियर यांचे अवशेष तेथे असले, तरी गोव्याचे कॅथेड्रल समोरचे 'से' हेच आहे. रोममध्येही असेच आहे. पोप महोदयांचे कॅथेड्रल सेंट पीटर्स नसून लॅटरन येथील चर्च आहे. त्याच्या समर्पणाचा सण आपण दरवर्षी ९ नोव्हेंबरला साजरा करतो.

आपल्याकडे खुर्ची म्हटली की आधी सत्ता आठवते. 'खुर्चीसाठी भांडतात', 'खुर्ची सुटत नाही' असे आपण म्हणतो. पण कॅथेड्रलमधील खुर्ची मुळात गुरूची खुर्ची आहे. यहुदी लोकांत शिक्षक बसून शिकवीत असत. नाझरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने उभे राहून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचला, गुंडाळी परत दिली आणि खाली बसून बोलायला सुरुवात केली, असे संत लूक सांगतो (लूक ४). बिशप कॅथेड्रलमध्ये आसनावर बसतात ते याच अर्थाने. प्रेषितांकडून आलेली शिकवण पुढे देणे हे त्यांचे काम आहे.

या आसनाशी आपल्या घराचाही संबंध आहे. पवित्र आठवड्यात बिशप आपल्या धर्मगुरूंसमवेत मिस्सा अर्पण करतात आणि तीन तेलांना आशीर्वाद देतात : स्नानसंस्काराच्या उमेदवारांचे तेल, आजाऱ्यांचे तेल आणि ख्रिस्मा. तीच तेले धर्मप्रांतातील प्रत्येक धर्मग्रामात जातात. आपल्या बाळाच्या माथ्याला लावलेले ख्रिस्मा आणि आजारी आजीच्या तळहाताला लावलेले तेल ही दोन्ही बिशपांच्या हातून आलेली असतात.

से कॅथेड्रलची वास्तू

गोव्याच्या धर्मप्रांताची स्थापना १५३३-३४ च्या सुमारास झाली आणि १५५८ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. सध्याच्या कॅथेड्रलचे काम १५६२ मध्ये सुरू झाले. मुख्य इमारत १६१९ मध्ये उभी राहिली, १६४० मध्ये तिचे समर्पण झाले आणि वेद्यांचे काम १६५२ पर्यंत चालले. म्हणजे पाया घालणाऱ्यांपैकी कुणीही पुरे झालेले चर्च पाहिले नसावे. लांबी सुमारे ७६ मीटर आणि रुंदी सुमारे ५५ मीटर. आशिया खंडातील मोठ्या चर्चेसमध्ये त्याची गणना होते. १९८६ मध्ये युनेस्कोने गोव्यातील चर्चेस व मठांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात हे कॅथेड्रलही आहे.

दर्शनी भागाला पूर्वी दोन मनोरे होते. १७७६ मध्ये एक कोसळला आणि तो पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातील सर्वांत मोठी घंटा आहे. तिच्या गोड नादामुळे तिला 'सुवर्णघंटा' म्हणतात.

हे कॅथेड्रल एके काळी आपल्याही पूर्वजांचे होते. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात आली आणि येथील ख्रिस्ती समाज गोव्याच्या बिशपांच्या छत्राखाली आला. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला. त्याआधीच्या आपल्या इतिहासाची कित्येक पाने जुन्या गोव्यात लिहिली गेली आहेत.

तलवारीचा दिवस आणि विचारांची संत

हे कॅथेड्रल अलेक्झांड्रियाची संत कॅथरीन हिला वाहिलेले आहे. कारण असे की, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, अफोन्सो दि अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा जिंकले. त्या लढाईनंतर शहरात मोठी कत्तल झाली. विजयाचे उपकार मानण्यासाठी संत कॅथरीनच्या नावे आधी एक लहान चर्च उभे राहिले. तेच पहिले कॅथेड्रल. पुढे हे भव्य कॅथेड्रल बांधले गेले.

आता संत कॅथरीनची कथा आठवा. परंपरा सांगते की चौथ्या शतकाच्या आरंभी ही विदुषी तरुणी रोमन सम्राटापुढे निर्भयपणे उभी राहिली. सम्राटाने तिला हरवण्यासाठी पन्नास तत्त्ववेत्ते बोलावले. तिने त्यांच्याशी वाद केला, आणि त्यांनाच तिचे म्हणणे पटले. मग तिला चाकावर छळण्याचा हुकूम झाला, ते चाक मोडले आणि अखेर तलवारीने तिचा शिरच्छेद करण्यात आला. या कथेत इतिहासाचा भाग थोडा असल्यामुळे १९६९ मध्ये तिचा सण रोमन दिनदर्शिकेतून वगळला होता. २००२ मध्ये तो ऐच्छिक स्मरणदिन म्हणून परत आला. तत्त्वज्ञान शिकणाऱ्यांची ती आश्रयदाती संत आहे.

मुख्य वेदीमागील सोनेरी फलकांवर तिच्या जीवनातील प्रसंग कोरले आहेत. ते सावकाश पाहा. तलवारीच्या विजयाबद्दल जिचे आभार मानले गेले, तिच्या हातात कधीच तलवार नव्हती. तिने माणसे जिंकली ती पटवून देऊन, आणि तलवार चालली ती तिच्याच मानेवर. हा विरोधाभास त्या वेदीवर चारशे वर्षे सर्वांसमोर आहे.

घंटेची आठवण

कॅथेड्रलच्या आवाराजवळच एके काळी इन्क्विझिशनचा म्हणजे धर्मन्यायसभेचा वाडा होता. गोव्यात ही न्यायसभा १५६० मध्ये सुरू झाली आणि मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालली. स्नानसंस्कार घेतल्यावर गुपचूप जुने रीतिरिवाज पाळतात असा संशय असलेले लोक, पूर्वाश्रमीचे यहुदी आणि इतर अनेक जण तिच्या कोठड्यांत खितपत पडले. काहींना जाळण्यात आले. दमणमध्ये पकडला गेलेला गॅब्रिएल डेलॉन हा फ्रेंच वैद्य त्यातून वाचला. १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने आपला अनुभव लिहिला. शिक्षा जाहीर करण्याच्या दिवशी लोकांना बोलावण्यासाठी कॅथेड्रलची मोठी घंटा वाजे, असे त्यात म्हटले आहे.

हे का घडले? संत थॉमस अक्विनास (१२२५-१२७४) यांनी लिहिले आहे की श्रद्धा ही माणसाच्या इच्छेची कृती आहे, म्हणून ज्यांनी ती कधी स्वीकारली नाही त्यांच्यावर सक्ती करू नये. पण त्याच ठिकाणी ते असेही म्हणतात की ज्यांनी ती एकदा स्वीकारली त्यांना वचन पाळण्यास भाग पाडावे. न्यायसभेने या दुसऱ्या विचाराचा आधार घेतला आणि पहिल्याचा तिला विसर पडला. वास्तविक माणसाचे हात बळाने जोडता येतात, गुडघे टेकवता येतात, पण मनाचा होकार बळाने मिळत नाही. भीतीने दिलेला होकार म्हणजे श्रद्धा नव्हे.

ख्रिस्तसभेला हे स्पष्ट शब्दांत सांगायला वेळ लागला. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने धर्मस्वातंत्र्यावरील आपल्या घोषणापत्रात शिकवले की धर्माच्या बाबतीत कुणावरही जबरदस्ती होता कामा नये आणि सत्य आपल्याच बळावर मनात प्रवेश करते. १२ मार्च २००० रोजी, प्रायश्चित्त काळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. सत्याच्या नावाने वापरलेल्या हिंसक मार्गांसाठीही ती क्षमायाचना होती. प्रभूने गेथसेमनी बागेत पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितले, ते शब्द आपण सर्वांनी पुन्हा ऐकले.

'तुम्हाला बाटवले' असे कुणी म्हटले तर

"विहिरीत पाव टाकला आणि अख्खे गाव बाटले," ही गोष्ट आपल्या मुलांना ऐकावी लागते. काही मुले चिडतात, काही मान खाली घालतात. दोन्हीची गरज नाही.

पहिली गोष्ट, जे घडले ते नाकारू नये. राजसत्तेचा दबाव होता, मंदिरे पाडली गेली, धर्मांतर करणाऱ्यांना सवलती मिळाल्या. हे सर्व मान्य केल्याने आपली श्रद्धा लहान होत नाही.

दुसरी गोष्ट, अर्धाच इतिहास स्वीकारू नये. त्याच गोव्यात १५७९ मध्ये आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स आपली भाषा शिकले आणि १६१६ मध्ये ओवीबद्ध मराठीत 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले. लोकांना ज्या भाषेत आणि ज्या छंदात ऐकायची सवय होती, त्यातच त्यांनी तारणाची कथा सांगितली. हीसुद्धा गुरूचीच रीत होती. पुढे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला आणि पोर्तुगीज सत्ता गेली. ज्यांच्या धाकाने श्रद्धा टिकली असे म्हणतात, तो धाकच उरला नाही. काही जण परत गेले, पण बहुसंख्य लोक राहिले. युरोपीय धर्मगुरू निघून गेल्यावर मुख्यतः गोव्यातील देशी धर्मगुरूंनी त्यांची सेवा केली. त्या लोकांनी गळ्यातील क्रूस ठेवला तो कुणाच्या हुकमावरून नव्हे. आपण त्यांची लेकरे आहोत.

म्हणून शांतपणे सांगावे : "पूर्वजांवर दबाव होता की नाही यावर इतिहास बोलेल. मी आज ख्रिस्ती आहे, कारण मला ख्रिस्त पटला आहे." मात्र हे वाक्य खरेपणाने म्हणता यायला हवे. ज्याने श्रद्धा समजून घेतलेली नाही त्याला ते म्हणता येणार नाही.

कॅथेड्रलमध्ये गेल्यावर

पुढच्या भेटीत हा क्रम ठेवा. प्रथम पवित्र साक्रामेंताच्या चॅपेलमध्ये जाऊन गुडघे टेका. मग स्नानसंस्काराचे जुने कुंड पाहा. संत झेवियर यांनी ते वापरले होते, अशी परंपरा आहे. तेथे आपल्या स्नानसंस्काराची आठवण करा. त्यानंतर मुख्य वेदीपुढे संत कॅथरीनचे फलक पाहा आणि बिशपांचे आसन शोधा. आज त्या आसनावर गोव्याच्याच मातीतील कार्डिनल फिलिप नेरी फेर्राव बसतात. त्यांच्यासाठी आणि आपल्या बिशपांसाठी एक 'नमो मरिया' म्हणा. बाहेर आल्यावर एकट्या मनोऱ्याकडे पाहा आणि त्या घंटेच्या आवाजाने ज्यांचा थरकाप उडाला, त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करा. आज तीच वास्तू भाविकांना मिस्सेसाठी बोलावते आणि तेथे कोकणीत उपासना होते.

गोव्याला जाणे जमले नाही तरी हरकत नाही. पापडीचे कॅथेड्रल आपल्याला जवळ आहे. आपल्या धर्मप्रांताची खुर्ची तेथे आहे.

आणि एक खुर्ची आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे. आईवडील, धर्मशिक्षक, पॅरिश कौन्सिलचे सभासद, आम्ही धर्मगुरू, सगळेच कुणाला तरी शिकवतो. "रोझरीला बस, नाहीतर जेवण नाही," असे म्हणून मूल बसते खरे, पण ते प्रार्थना शिकत नाही. "का?" असे त्याने विचारले तर ओरडू नका, त्याच्याजवळ बसा. उत्तर ठाऊक नसेल तर दोघे मिळून शोधा. संत कॅथरीनने पन्नास विद्वानांना उत्तरे दिली. आपल्याला एकाच लेकराला द्यायची आहेत.

लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीसाठी प्रश्न

१. बासिलिका आणि कॅथेड्रल यांत फरक काय?
२. लूक ४:१६-२१ वाचा. येशू बसून कसा शिकवतो? त्याच्या शिकवणीत सक्ती कोठे दिसते का?
३. आपल्या श्रद्धेविषयी बाहेर कोणता प्रश्न विचारला जातो? आपण काय उत्तर देतो?
४. घरातील धार्मिक वळण धाकाने लागते की पटवून दिल्याने? या महिन्यात आपण कोणता एक बदल करू?

प्रभूचा आशीर्वाद तुम्हा सर्वांवर असो.

आपला,
धर्मगुरू