भाव पडणार, पण कुठला?

बँकांच्या पॅनलवर घरांचं मूल्यांकन करतो. त्यामुळे लग्न असो की बारसं, पंगतीत शेजारी बसलेला माणूस जिलबी संपायच्या आत विचारतोच, "काय म्हणतात फ्लॅटचे भाव? पडतील ना?" ज्याला घ्यायचं असतं त्याला ते पडायला हवे असतात. ज्याने दोन घेऊन ठेवलेत त्याला ‘पुण्यात कधी पडलेत का?’ एवढंच ऐकायचं असतं. हा वाद मी घरातही वर्षानुवर्षं घातला, माझ्या मेहुण्याशी.

तो हिंजवडीत नोकरीला, वाकडला भाड्याने. 2009 साली कंपनीने त्याला अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला पाठवलं होतं. कामावर जाता-येता बँकांनी ताब्यात घेतलेल्या घरांवरच्या पाट्या त्याने रोज पाहिल्या. 2006 च्या शिखरापासून त्या शहरातले भाव निम्म्याहून खाली आले. हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला ‘घराचे भाव पडत नसतात’ हे पटवणं अशक्यच. 8 नोव्हेंबर 2016 ला नोटाबंदी जाहीर झाली आणि त्याच आठवड्यात त्याचा फोन आला, "दाजी, लिहून ठेवा. सहा महिन्यांत तीस टक्के खाली." मी म्हटलं, "एक टक्काही नाही."

पुढची चार वर्षं दर दिवाळीला फराळाच्या ताटावर हा हिशेब निघायचा. नोटाबंदीनंतर मे 2017 मध्ये महारेरा आलं, जुलैत जीएसटी. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस कोसळली आणि बिल्डरांना पैसा पुरवणाऱ्या वित्तसंस्थांचे हात आखडले. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, आता बसणार. आणि प्रत्येक वेळी मी बिल्डरचं दरपत्रक पुढे करायचो: तोच आकडा, किंवा शे-दोनशेने जास्त.

आमचं दोघांचं बोलणं वेगवेगळ्या भावांबद्दल चाललं होतं, हे उमगायला वेळ लागला. दरपत्रकावरचा भाव हा एक. करारनाम्यात येतो तो दुसरा. जुना फ्लॅट विकायला काढला की हातात पडतो तो तिसरा. आणि महागाई वजा जाता उरतो तो चौथा. त्या वर्षांत पहिला जागचा हलला नाही, बाकीचे आपापल्या गतीने खाली सरकत होते.

फिनिक्ससारखं आपल्याकडे का होत नाही, याची कारणं साधी आहेत. अ‍ॅरिझोनात राहत्या घरासाठी घेतलेल्या कर्जात घर बँकेच्या हवाली केलं की उरलेली बाकी सहसा कर्जदाराच्या मागे लागत नाही. भाव कर्जाच्या खाली गेले तेव्हा लोकांनी किल्ल्या ठेवल्या आणि निघून गेले. बँकांनी मिळेल त्या किमतीला घरं विकली. आपल्याकडे घर विकून कर्ज फिटलं नाही तर बाकी मानगुटीवर राहतेच. शिवाय बऱ्याच फ्लॅटांवर कर्जच नसतं. मालक म्हणतो, माझ्या भावाला गेलं तर देईन, नाहीतर कुलूप घालून ठेवीन. व्यवहार आटतात, भाव तिथल्या तिथे थिजतो.

दुसरं कारण आयकराचं, ते चर्चेत फारसं येत नाही. 2013 पासून बिल्डरलाही असा नियम लागू आहे की करारातली किंमत सरकारी रेडी रेकनरपेक्षा ठरावीक मर्यादेहून खाली गेली, तर रेकनरचाच आकडा विक्रीची किंमत धरून कर लागतो. घेणाऱ्याच्या उत्पन्नातही तो फरक धरला जाऊ शकतो. 2020 पासून ही मोकळीक दहा टक्क्यांची आहे. मुद्रांक शुल्कही दोन्हींपैकी जास्त असेल त्या रकमेवर. म्हणजे एखाद्या भागात खरा भाव रेकनरच्या बराच खाली गेला, तरी कागदावर तो उतरवणं दोघांनाही महागात पडतं. मग बिल्डर दर तोच ठेवतो आणि मॉड्युलर किचन देतो, पार्किंगचे पैसे सोडतो, फ्लोअर राइज माफ करतो, जीएसटी स्वतः भरतो. वर्तमानपत्रातल्या ‘सणानिमित्त खास सवलती’ वाचायला शिका. भाव पडल्याची बातमी तिथेच छापलेली असते.

महागाईचं गणित तर कुणी मांडतच नाही. 60 लाखांचा फ्लॅट 2016 पासून 2020 पर्यंत 60 लाखांतच राहिला आणि महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर 2016 च्या पैशात त्याची किंमत साडेएकोणपन्नास लाखांच्या आत आली. अठरा टक्क्यांची ही घसरण मेहुण्याला दिसली नाही आणि मला मान्य नव्हती.

‘कधीच पडत नाहीत’ या बाजूचा माणूस किती अडकतो, ते आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त सरांनी भोगलं. त्यांनी शहराच्या पूर्वेला चालू बांधकामात दोन फ्लॅट बुक केले, 20:80 योजनेत. वीस टक्के आपण भरायचे, बाकीचं कर्ज बँक बिल्डरला देणार आणि ताब्यापर्यंतचं व्याज बिल्डर भरणार. कर्ज मात्र सरांच्या नावावर! बिल्डरने व्याज भरणं थांबवलं तेव्हा बँकेचे फोन सरांना यायला लागले आणि त्यांचा सिबिल स्कोअर घसरला. नॅशनल हाउसिंग बँकेने जुलै 2019 मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं, पण तोवर सर अडकले होते. ताबा उशिरा मिळाला. एक फ्लॅट विकायला काढला, तर त्याच आवारात बिल्डर स्वतःचे न खपलेले नवे फ्लॅट विकत होता, किचनसह. सरांना दरपत्रकाच्या बऱ्याच खाली यावं लागलं. पुण्यात भाव पडत नाहीत असं मला ठणकावून सांगणारे तेच होते. मुंबईतही 1995 च्या तेजीनंतर काही वर्षं भाव घसरतच होते, पण ते दिवस आठवणारे आता थोडे.

मेहुण्याचं काय झालं? त्याने डिसेंबर 2020 मध्ये घर घेतलं. सरकारने सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं होतं, ती सवलत 31 डिसेंबरला संपणार होती. दुय्यम निबंधक कार्यालयांत इतकी झुंबड उडाली की शुल्क डिसेंबरात भरा आणि नोंदणी पुढच्या चार महिन्यांत करा, अशी मुभा द्यावी लागली. भाव 2016 चाच, शुल्कात वाचले 1 लाख 80 हजार, कर्जाचा दर सातच्या घरात. त्याची भविष्यवाणी साफ खोटी ठरली आणि सौदा मात्र उत्तम झाला.

आणखी उत्तम झाला असता. 2016 मध्ये 50 लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी घेतलं असतं तर वीस वर्षांसाठी हप्ता 45 हजार. भाडं तो 18 हजार भरत होता. हप्त्यांपायी चार वर्षांत साडेएकवीस लाख गेले असते आणि मुद्दल फिटलं असतं जेमतेम सव्वाचार लाख. म्हणजे थांबणं शहाणपणाचंच होतं, फक्त दरमहा उरलेले 27 हजार बाजूला पडायला हवे होते. ते व्याज न धरताही 13 लाखांच्या आसपास जातात. त्याचे गेले गाडीत आणि युरोपच्या सहलीत. भाव पडायची वाट पाहणाऱ्या कुणालाही मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो: तुमचं आवर्ती ठेवीचं खातं दाखवा.

दुसरा प्रश्न, सूची क्रमांक दोन पाहिली का? नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की त्या मिळकतीचे नोंदलेले व्यवहार समोर येतात, फुकट. वर विलेखाचा प्रकार, खाली ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’, मग क्षेत्रफळ. मोबदला म्हणजे करारातली किंमत, बाजारभाव म्हणजे रेकनरचा हिशेब. नावांमुळे गोंधळू नका. त्याच इमारतीतले गेल्या वर्षातले चार-पाच व्यवहार काढा, मोबदल्याला कार्पेट क्षेत्रफळाने भागा आणि सेल्स ऑफिसातल्या आकड्याशेजारी ठेवा. रोखीत दिलेलं त्यात दिसत नाही, आणि पार्किंग कुणी धरतं, कुणी धरत नाही. तरीही कुठल्याही पंडिताच्या अंदाजापेक्षा हा कागद भरवशाचा. सोबत महारेराच्या पानावर त्या प्रकल्पाचे किती फ्लॅट बुक झालेत आणि पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली, तेही बघून घ्या.

व्याजदरावरून भाकीत करणाऱ्यांचंही ऐकून सोडून द्यावं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर चारवरून साडेसहावर गेला, तेव्हा ‘आता पडणार’ची नवी लाट आली. भाव राहिले वरच, वाढली ती कर्जाची मुदत. 50 लाखांना वीस वर्षांचा हप्ता सात टक्क्यांनी 38,765, नऊ टक्क्यांनी 44,986. घर घेताना दुसऱ्या आकड्याने पगार तपासा. तो झेपत नसेल तर भाव कितीही पडोत, ते घर तुमचं नव्हे.

राहता फ्लॅट विकून मोठा घेणारे तर उगाचच घाबरतात. तुमचा 60 लाखांचा, बघितलेला 1 कोटीचा. भाव वीस टक्के पडले तर तुमचा 48 ला जाईल, पण तो 80 ला मिळेल. वरून घालायचे 40 लाख होते, ते 32 झाले. अशा माणसाने मंदीची वाट बघावी की तेजीची? तरी विसातले अठरा जण ‘भाव जरा चढू द्या, मग विकतो’ म्हणतात. त्यांना मी एवढंच सांगतो, विक्री आणि खरेदी यांत सहा महिन्यांचं अंतर पडू देऊ नका, आणि आधी गिऱ्हाईकाचा टोकनचा चेक वटला की मगच नव्या घराचं टोकन द्या.