निरोप नेमका कोणाचा?
(इयत्ता सहावी व सातवीसाठी एक पाठ)



ठोकळे रचून घरे, खाणी व शेते उभारण्याचा 'माइनक्राफ्ट' हा संगणकीय खेळ आता कित्येक खेड्यांतील मुलांसही निदान ऐकून ठाऊक असतो. पालक त्यास वेळेचा अपव्यय म्हणतात, व ती तक्रार सर्वस्वी खोटी नाही. तथापि 2011 साली डॅनियल रॅटक्लिफ यांनी या खेळास 'कॉम्प्युटरक्राफ्ट' नावाची जी पुरवणी जोडली, तिच्यात एक उत्तम पाठ दडलेला आहे. या पुरवणीमुळे खेळाच्या जगातच संगणक मांडता येतात, 'लुआ' या भाषेत त्यांस आज्ञा लिहून देता येतात आणि मॉडेम जोडून एका संगणकाकडून दुसऱ्याकडे बिनतारी निरोप धाडता येतो. मोबाइलवरील खेळात ही सोय नाही. त्यास संगणकावरील जावा आवृत्तीच लागते. ज्या शाळेत संगणक नाही तेथे हाच पाठ पटांगणावर घेता येतो.

प्रथम शिक्षकाने यंत्रणा समजून घ्यावी. खेळातील साध्या बिनतारी मॉडेमचा पल्ला जमिनीलगत 64 ठोकळ्यांचा असतो. मॉडेम उंचावर बसविल्यास तो वाढत जाऊन 384 पर्यंत पोहोचतो. निरोप धाडण्यासाठी 0 ते 65535 या क्रमांकांच्या वाहिन्या असतात. ज्याने ती वाहिनी उघडून ठेविली असेल त्यालाच निरोप ऐकू येतो. या व्यवस्थेवर 'रेडनेट' नावाची सोपी पद्धती उभारलेली आहे. तीत प्रत्येक संगणकास स्वतःचा क्रमांक असतो व 'सात क्रमांकास हे सांग' एवढे म्हटले की काम होते.

काम होते असे वाटते, इतकेच! धाडणाऱ्या संगणकास मिळणारा होकार हा केवळ निरोप निघाल्याचा असतो, पोहोचल्याचा नव्हे. पलीकडचा संगणक पल्ल्याबाहेर असेल, किंवा खेळाडू दूर गेल्यामुळे जगाचा तो भाग निद्रिस्त होऊन संगणकही बंद पडला असेल, तर निरोप हवेत विरतो. तो टपालपेटीत पडून राहत नाही.

आता पटांगणावर चला. दहा मुलांस क्रमांकांच्या चिठ्ठ्या देऊन, डोळे मिटवून पांगवून उभे करावे. तीन क्रमांकाच्या मुलाने मोठ्याने म्हणावे, "सातला तीनचा निरोप : कोठाराचे दार उघड." ऐकतील सर्वच, हालेल मात्र सात. त्यानंतर सातला कानांवर हात ठेवावयास सांगून पुन्हा तोच निरोप द्यावा. काहीच घडत नाही, आणि तीनला त्याचे कारणही कळत नाही. मग मुलेच तोडगा सुचवितील की सातने 'मिळाला' असे उत्तर द्यावे, व पाच आकडे मोजेपर्यंत उत्तर न आल्यास तीनने निरोप पुन्हा द्यावा.

येथे घाई करू नये. 'मिळाला' हे उत्तरच वाटेत हरवले तर काय, हा प्रश्न वर्गास विचारून थोडा वेळ स्तब्ध राहावे. 'दार उघड' हा निरोप दोनदा पोहोचला तरी बिघडत नाही; परंतु 'एक पोते बाहेर काढ' हा दोनदा पोहोचला तर कोठारातून दोन पोती जातात. म्हणून प्रत्येक निरोपास अनुक्रमांक द्यावा व एकदा पाळलेला क्रमांक सातने पुन्हा पाळू नये. पत्राच्या जावक क्रमांकाचे उदाहरण शिक्षकांस येथे सहज सुचेल.

पाठाचा गाभा यापुढे आहे. एका चपळ मुलास बाजूस घेऊन त्याच्या कानात सांगावे, की पुढच्या वेळी 'सातला तीनचा निरोप' असे तूच म्हण. डोळे मिटलेला सात दार उघडतो! रेडनेटमध्येही असेच घडते. धाडणाऱ्याचा क्रमांक निरोपासोबतच येतो, व थोडी लुआ जाणणारा कोणीही तेथे दुसऱ्याचा क्रमांक लिहू शकतो. घरच्या मोबाइलवर बँकेच्या नावाने आलेला संदेश वाचून वडिलांना सांकेतिक अंक विचारणाऱ्या मुलास ही गोष्ट आजच कळणे अगत्याचे आहे.

'मग परवलीचा शब्द ठरवू' असे मुले म्हणतील. तो शब्द एकदा हवेत उच्चारला की सर्वांनी ऐकलाच. याकरिता तीन व सात यांनी आधी कानात एक गुप्त नियम ठरवावा, उदाहरणार्थ, तिप्पट करून चार मिळविणे. निरोप येताच सातने मनास येईल तो आकडा विचारावा. आठ विचारल्यास अठ्ठावीस हे उत्तर आले तरच दार उघडावे. पुढच्या वेळी आकडा निराळा असल्यामुळे ऐकलेले अठ्ठावीस चोराच्या उपयोगी पडत नाही.

दोन प्रश्नोत्तरे ऐकूनच नियम हुडकून काढणारा विद्यार्थी बहुधा निघतोच. त्याने तो कसा काढला हे फळ्यावर मांडावयास लावावे, आणि त्याच्याहून कठीण नियम रचण्याचे काम त्याच्याकडेच सोपवावे.