करार कोणाच्या भरवशावर

चि. भाचेबुवांस,


पत्र पोचलं. हॉस्टेलवर गेल्यापासून उपासनेला जाणं सुटलं, घरी मात्र ‘जातो’ असंच सांगत राहिलास, आणि आता प्रभुभोजनाच्या मेजाजवळ जायची हिंमत होत नाही. ‘दृढीकरणाच्या वेळी सगळ्या मंडळीसमोर दिलेला शब्द मी मोडला, मग देवाने तरी त्याचा का पाळावा?’ असं विचारलंयस. व्यवहार म्हणून प्रश्न चोख आहे. पण देवाने करार या हिशेबाने केलेलाच नाही.

उत्पत्तीचा १५वा अध्याय काढ. तीन-तीन वर्षांची कालवड, शेळी आणि एडका यांचे दोन-दोन भाग करून अब्राम ते समोरासमोर मांडतो. त्या काळी करार करणारे अशा तुकड्यांमधून चालत जात. शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ. यिर्मयाच्या ३४व्या अध्यायात यरुशलेमचे पुढारी वासराच्या तुकड्यांमधून जाऊन गुलामांना सोडायचं कबूल करतात आणि मागाहून त्यांना पुन्हा धरून आणतात. तेव्हा देव त्यांना त्याच वासराची आठवण करून देतो. उत्पत्तीत मात्र अब्राम गाढ झोपलेला आहे. सूर्य मावळल्यावर धुमसती भट्टी आणि पेटती मशाल तेवढी त्या तुकड्यांमधून सरकते. देव एकटाच चालला. शपथेचा सगळा भार त्याने स्वतःवर घेतला. लगेच पुढच्या अध्यायात अब्राम आणि साराय यांचा धीर सुटतो आणि ते हागारेचा मार्ग काढतात. तरी करार मोडत नाही. (रविवारच्या शाळेत अब्राहाम नेहमी ‘विश्वासाचा पिता’ म्हणूनच भेटतो, त्याने बायकोला बहीण म्हणून दोनदा खपवलं, हे आपल्याला जरा उशिराच कळतं.)

पेत्राची गोष्ट तुला पाठ आहे. पण लूकने ती कोणत्या क्रमाने सांगितली ते बघ. आधी प्याला, नव्या कराराचा. त्यानंतर, त्याच मेजावर, प्रभू त्याला सांगतो की कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील. आणि ते सांगण्याच्याही आधी म्हणतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे. रात्र सरण्याआधी कोण काय करणार हे ठाऊक असताना प्याला शिष्यांच्या हाती दिला गेला. मग तुला मेज परकं का वाटावं?

तू पौलाचा धाक घेतला आहेस, अयोग्य प्रकारे खाण्यापिण्याचा. करिंथकरांचं काय चुकलं होतं ते त्याच अध्यायात आहे: काही जण पोटभर खाऊन-पिऊन झिंगत आणि गरीब भाऊ उपाशी राहत. त्यावर पौल आत्मपरीक्षण करायला सांगतो, आणि मग खायला सांगतो. परीक्षा करून घरी बस, असं तो कुठेच म्हणत नाही.

एक मात्र स्पष्ट सांगतो. आपण अविश्वासू ठरलो तरी देव विश्वासू राहतो, असं तीमथ्याला लिहिणारा पौल आदल्याच वचनात नाकारणाऱ्यांना कडक इशाराही देतो. ती दोन वचनं वेगळी करून एक सोयीचं तेवढं ठेवायची आपल्याकडे फार सवय आहे. देवाचं विश्वासूपण म्हणजे आपल्या खोटेपणाला मिळालेली सूट नव्हे. पेत्राला प्रभूने टाकलं नाही, पण गालीलच्या किनाऱ्यावर तीनदा प्रश्न विचारला, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला. तेवढं दुःख तुलाही चुकणार नाही, चुकूही नये.

तेव्हा येत्या रविवारी उपासनेला जा, आणि प्रभुभोजन असेल तर मागच्या बाकावर लपू नकोस. आईला खोटं सांगत होतास हे त्याआधी तूच तिला फोन करून सांग. माझ्याकडून तिला काही कळणार नाही.

तुझा,
मामा