‘चालतंय की’चा हिशेब



तोड सुरू झाली की फडात एक शब्द सारखा कानी पडतो : ‘चालतंय की!’ बुडखा चार बोटं वर राहिला, चालतंय. वाढं नीट छाटलं नाही, चालतंय. काल तोडलेला ऊस आज रात्री गव्हाणीवर आला, तरी चालतंय. या चालवून घेण्याची किंमत किती, तेवढे आज पाहू.

साखर कारखान्यात तयार होत नाही, ती उसात तयार होते. कारखाना फक्त ती बाहेर काढतो. १०० किलो उसातून जितके किलो साखर निघते तो उतारा, आणि त्यावर भाव ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरविली. त्यापुढे दर ०.१ टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे वाढ. उतारा घसरला तर साडेनऊ टक्क्यांपर्यंत तितकीच कपात. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. ज्याचा १०० टन ऊस, त्याचे ३,४६० रुपये. ५ लाख टन गाळपात एवढ्याशा फरकाने ५,००० क्विंटल साखर कमी-जास्त होते.

कोणी म्हणेल, “भाव वजनावर मिळतो, उतारा सगळ्यांचा मिळून धरतात. मी एकट्यानं जिवाचं रान करून काय उपयोग?” प्रश्न रास्त आहे. चांगल्या उसाचा लाभ सर्वांत वाटला जातो हे खरेच. पण हलगर्जीचा तोटाही तसाच वाटला जातो. शेजाऱ्याचे ‘चालतंय’ आपल्या बिलातून कापले जाते. शिवाय काही गोष्टी ज्याच्या त्याच्या पदरात थेट पडतात. बुडख्याकडचा ऊस सर्वांत गोड आणि वजनदार. तो जमिनीलगत तोडला तर वजन वाढते आणि खोडवाही जोमदार फुटतो.

आपल्या जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरा कारखाना उभा राहिला. १९५०-५१ च्या हंगामात तिथे पहिले गाळप झाले. गूळ करून किंवा खाजगी कारखान्याला ऊस घालून त्या शेतकऱ्यांचेही भागले असते. त्यांनी भागवून घेतले नाही, म्हणून आज आपण सभासद म्हणवतो.

तेव्हा एवढे करू या :

१. लागणीला खोडव्याचे बेणे नको. ९ ते ११ महिन्यांचे, बेणेमळ्यातले निरोगी बेणे घ्यावे आणि तीन-चार वर्षांनी ते बदलावे.

२. नत्राचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीबरोबर संपवावा. उशिरा दिलेल्या युरियाने ऊस हिरवागार दिसतो, पण साखर भरत नाही.

३. तोडीच्या वेळी घरचे एक माणूस फडात उभे राहावे. पाचट आणि वाढे मोळीत जाऊ देऊ नये.

४. तोडलेला ऊस २४ तासांत गाळला जावा. उशीर झाला की वजन घटते आणि साखरही फुटते.

या शेवटच्या कलमात कारखान्याचा वाटा मोठा आहे. तोडीची पाळी चुकली किंवा गाडी गव्हाणीवर ताटकळली, तर सभासदांनी गट कार्यालयात तारीख-वेळेसह लेखी नोंद करावी. मळ्यात ‘चालतंय’ नको म्हणायचे, तर कारखान्यातही ते चालू देता कामा नये.