मिरचीचा वाफा मोडण्याआधी

आमच्या जळकोट भागात उन्हाळी मिरचीचं रोप संक्रांतीच्या मागेपुढे टाकतात. दुपारचं ऊन चटका देतं, त्यामुळं थंडी सरली असं वाटतं. पण हा डोंगरी तालुका आहे, पहाटे माळावर अजून दात वाजत असतात. एका वर्षी एकाच गादीवाफ्यावर टोमॅटो आणि मिरची एकाच दिवशी टाकली होती. टोमॅटो वर आला, दोन पानांवर उभाही राहिला. मिरचीच्या ओळी मात्र कोऱ्याच. घरात बोलणं सुरू झालं, "बी बोगस निघालं, मोडा वाफा." बांधावरून कुणी म्हणालं, "पाणी कमी पडतंय, दोन्ही वेळ द्या." हे दोन्ही सल्ले आपल्याकडं हमखास मिळतात आणि दोन्हींनी नुकसान होतं. शेजारच्या शेतकऱ्यानं खरंच वाफा मोडला आणि दुकानातून दुसऱ्या पुड्या आणल्या. तेही बी तितकेच दिवस जमिनीत पडून राहिलं. दोनदा पैसा गेला आणि लागवड उन्हाळ्याच्या तोंडावर गेली.

आम्ही वाफा मोडला नाही. ओळीच्या टोकाची माती काडीनं अलगद बाजूला केली आणि चार-दोन बिया तळहातावर घेतल्या. नखानं दाबून पाहिल्या. बी टणक होतं, आतला गर पांढरा होता, एका बीच्या टोकाला सुईच्या अग्राएवढा मोड दिसत होता. जिवंत बी असं दिसतं. मेलेलं बी दाबलं की पिचकतं, आतून तपकिरी लगदा येतो, वास येतो. दहा बियांपैकी सात-आठ टणक असतील तर वाफ्याला हात लावू नका.

मिरचीला ऊब लागते, टोमॅटोपेक्षा जास्त. माती 25 ते 30 अंश सेल्सिअस असेल तर आठ-नऊ दिवसांत उगवण दिसते. 20 अंशांवर तेच बी बारा-तेरा दिवस घेतं. 15 अंशांवर सुमारे 25 दिवस लागतात, आणि 10 अंशांवर ते उगवतच नाही. टोमॅटो 15 अंशांवरही दोन आठवड्यांत वर येतो. त्यामुळं टोमॅटो आला आणि मिरची आली नाही, एवढ्यावरून बियाला दोष देता येत नाही. कुणी हौसेनं ईशान्येकडची भूत जोलोकिया आणली असेल तर त्यानं आणखी धीर धरावा. ती जात मुळातच आपल्या साध्या मिरचीपेक्षा सावकाश उगवते.

थंडीत संध्याकाळी पाणी दिलं की रात्रभर वाफा गारठतो. उन्हं वर आल्यावर, दहा-अकराच्या सुमारास झारीनं हलकं पाणी द्यावं. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, बोटांतून पाणी गळू नये. सतत चिखल राहिला की बियाला हवा मिळत नाही, ते जागीच कुजतं, आणि उगवलं तरी रोपं बुडातून कोलमडतात. वाफ्यावर वाळलेलं गवत पसरून रात्री प्लॅस्टिकचा कागद टाकावा. दिवसा कडक ऊन असेल तर कागद काढावा, नाहीतर आत भाजतं. कोंबाची वाकडी मान जमिनीबाहेर दिसली की त्याच दिवशी गवतही काढायचं. एक दिवसाचा आळस झाला तरी रोपं पिवळी, लांबुडकी होतात. मे महिन्यात सगळं उलटं असतं. तेव्हा माती 35 अंशांच्या पुढं जाते आणि बी उष्णतेनं अडतं, म्हणून वर सावली हवी.

आपल्या काळ्या मातीचा दुसरा त्रास म्हणजे पापुद्रा. पाणी दिलं, ऊन पडलं की वरची माती पापडासारखी धरते आणि नाजूक कोंब खालीच अडकतो. बी सेंटिमीटरभरापेक्षा खोल नको, आणि ते मातीऐवजी चाळलेल्या, पूर्ण कुजलेल्या शेणखतानं झाकावं. ताजं शेण वापरलं तर बी जळतं. बोअरचं पाणी खारं असेल आणि वाफ्याच्या कडेला पांढरा थर येत असेल तर निदान रोपापुरतं विहिरीचं गोडं पाणी वापरा.

घरच्या बियाबद्दल स्पष्ट सांगतो. खाण्यासाठी कडक उन्हात पत्र्यावर वाळवलेल्या मिरचीतलं बी पेरू नये. धर्माबादच्या बाजारातली लाल मिरची चटणीला उत्तम, पण ती बियाण्यासाठी वाळवलेली नसते. बी ठेवायचं तर झाडावर पूर्ण लाल झालेली निरोगी फळं निवडावीत, सावलीत वाळवावीत. लगेच पेरलं तर काही बी सुप्त राहतं, महिना-दीड महिना जाऊ द्यावा. संकरित मिरचीचं बी मात्र धरूच नये, पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत.

सगळ्यांत मोठी बचत पेरणीआधीच होते. पन्नास बिया मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, पिशवीत घालून घरातल्या उबदार जागी ठेवा, फडकं वाळू देऊ नका. आठवड्यानं मोड दिसू लागतात, तरी चौदा दिवस थांबा. प्रयोगशाळेतही मिरचीची शेवटची मोजणी 14व्या दिवशीच होते. प्रमाणित मिरची बियाण्याची किमान उगवणशक्ती 60 टक्के ठरवलेली आहे, म्हणजे पन्नासात तीस उगवले तरी बी नियमात बसतं. शंभर टक्क्यांच्या हिशेबानं रोपं मोजू नका, थोडं जास्त टाका.

बी वाफ्यात उगवलं नाही आणि फडक्यातही उगवलं नाही तर मात्र गप्प बसू नका. पक्की पावती, पुडीचं पाकीट, त्यावरचं लेबल आणि थोडं शिल्लक बी जपून ठेवा, आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार द्या. बियाण्याच्या तक्रारी पाहायला तालुका पातळीवर तक्रार निवारण समिती असते, ती वाफ्यावर येऊन पंचनामा करते. मोडलेल्या वाफ्याचा पंचनामा होत नाही.