आवाजाचा मेळ

(मोठ्या कार्यक्रमात अनेक मायक्रोफोन असतात. त्या सर्वांचे आवाज एकत्र करून श्रोत्यांपर्यंत पोचवण्याचे काम मिक्सर करतो. डिजिटल मिक्सर कसा निवडावा आणि कसा वापरावा, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मिक्सर म्हटले, की आपल्याला स्वयंपाकघरात चटणी वाटणारा मिक्सर आठवतो. हा मिक्सर मात्र आवाजाचा आहे. तो आवाज नुसते एकत्र करत नाही. कोणता आवाज किती ठेवायचा, हेही त्याच्यावर ठरवता येते.

कव्वालीची मैफल डोळ्यांसमोर आणा. मुख्य कव्वाल गात आहेत. शेजारी हार्मोनिअम आहे. मागे तबला आणि ढोलक वाजत आहे. साथीदार टाळ्या वाजवत ध्रुवपद म्हणत आहेत. प्रत्येकासमोर मायक्रोफोन आहे. हे सगळे आवाज तसेच स्पीकरमध्ये सोडले, तर ढोलकाच्या आवाजात गाण्याचे शब्द बुडून जातील. शब्दच ऐकू आले नाहीत, तर कव्वालीत उरले काय? म्हणून आवाजांचा मेळ घालावा लागतो.

मायक्रोफोनमधून येणारा विजेचा संदेश फार क्षीण असतो. मिक्सर आधी त्याला बळ देतो. याला 'गेन' म्हणतात. नंतर डिजिटल मिक्सर त्या संदेशाचे आकड्यांत रूपांतर करतो. त्यासाठी तो सहसा एका सेकंदात ४८,००० वेळा संदेश मोजतो. इतक्या वेळा का बरे? माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांचा आवाज ऐकू येतो. कोणतेही कंपन बरोबर टिपायचे, तर ते दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते. म्हणून मोजणी ४०,०००च्या वर असावी लागते. आवाजाचे आकडे झाले, की त्यांची बेरीज व गुणाकार करून सर्व आवाज एकत्र करतात. शेवटी आकड्यांचा पुन्हा विजेचा संदेश होतो आणि तो स्पीकरकडे जातो.

पूर्वीच्या ॲनालॉग मिक्सरमध्ये प्रत्येक कामाला वेगळे बटण असे. कोणते बटण कुठे ठेवले होते, हे कागदावर लिहून ठेवावे लागे. यामाहा कंपनीने १९८७ मध्ये 'डीएमपी ७' हा डिजिटल मिक्सर आणला. त्याच कंपनीचा १९९५ मधला '०२ आर' अनेक स्टुडिओंत पोचला. २०१२ मध्ये बेहरिंगर कंपनीचा 'एक्स ३२' आला. त्याला एका वेळी ३२ मायक्रोफोन जोडता येतात. आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकत्या बटणाला 'फेडर' म्हणतात. 'एक्स ३२' वरचे २५ फेडर मोटरवर चालतात. एकदा केलेली मांडणी मिक्सर लक्षात ठेवतो. या मांडणीला 'सीन' म्हणतात. तो सीन पुन्हा बोलावला, की फेडर आपोआप आपापल्या जागी जातात.

आता मिक्सर कसा निवडावा, ते पाहू. आधी मायक्रोफोन मोजावेत. मुख्य गायकांना २, हार्मोनिअमला २, तबल्याला २, ढोलकाला १, साथीदारांना ४ आणि निवेदकाला १, असे १२ मायक्रोफोन झाले. ऐन वेळी एखादी जागा बिघडू शकते. म्हणून अशा मैफलीला १६ मायक्रोफोनचा मिक्सर घ्यावा.

नंतर बाहेर जाणारे मार्ग मोजावेत. गायक-वादकांना आपला आवाज ऐकू यावा, म्हणून त्यांच्याकडे तोंड करून स्पीकर ठेवतात. त्याला 'मॉनिटर' म्हणतात. गायकाला मॉनिटरमध्ये हार्मोनिअम जास्त हवी असते, तर तबलावादकाला गाणे जास्त हवे असते. म्हणून प्रत्येक मॉनिटरसाठी मिक्सरमधून स्वतंत्र मार्ग लागतो.

स्टुडिओची गरज थोडी वेगळी असते. तिथे प्रत्येक आवाज संगणकात वेगळा साठवतात. चुकलेली ओळ पुन्हा गाता येते आणि मेळ नंतरही घालता येतो. म्हणून मिक्सरमधून किती आवाज वेगवेगळे संगणकात जातात, हे तिथे पाहावे. मैफलीत मात्र गेलेला क्षण परत येत नाही. तिथे फेडर चटकन हाताशी यायला हवा. काही मिक्सरना फेडरच नसतात. ते वायफायने टॅब्लेटवर चालवतात. ते वजनाला हलके असतात. टॅब्लेट घेऊन शेवटच्या रांगेत जाऊन ऐकताही येते. पण गर्दीत वायफाय तुटले, तर फेडर हलवणार कसा? म्हणून तारेने जोडलेले साधन जवळ ठेवावे.

वापरतानाही काही नियम पाळावेत. आधी मिक्सर सुरू करावा आणि ॲम्प्लिफायर शेवटी. बंद करताना आधी ॲम्प्लिफायर बंद करावा. नाहीतर मोठा धडाका होऊन स्पीकर बिघडू शकतो. गायकाला मोठ्यात मोठ्या आवाजात गायला सांगून गेन ठरवावा. लाल दिवा कधीही लागू देऊ नये. डिजिटल मिक्सरची मर्यादा ओलांडली, की आवाज फाटतो आणि तो नंतर नीट करता येत नाही. ज्या मायक्रोफोनवर कोणी नाही, तो बंद ठेवावा.

मायक्रोफोनचा आवाज स्पीकरमधून निघून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला, की कर्कश शिट्टी वाजते. अशा वेळी आधी फेडर खाली घ्यावा. मग मायक्रोफोन स्पीकरसमोरून हलवावा आणि गायकाच्या तोंडाजवळ आणावा. तोंडाजवळ आणला, की कमी गेन पुरतो.

वीज क्षणभर गेली, तरी डिजिटल मिक्सर बंद पडतो. संगणकासारखा पुन्हा सुरू व्हायला त्याला वेळ लागतो. तोवर सभागृहात शांतता पसरते. म्हणून त्याला यूपीएस जोडावा आणि सीन आधीच जतन करून ठेवावा.

परंतु जतन केलेल्या सीनवर पूर्ण विसंबून चालत नाही. दुपारी रिकाम्या सभागृहात सगळे ठीक वाटते. रात्री सभागृह भरते. माणसे आणि त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात. दुपारचा घुमणारा आवाज रात्री दबका वाटतो. मुशायऱ्यात तर एक शायर मायक्रोफोनला चिकटून बोलतो, दुसरा हातभर दूर उभा राहतो, तिसरा हळू आवाजात शेर ऐकवतो. दुपारच्या सीनला यातले काही माहीत नसते.

म्हणून चांगला ध्वनिसंयोजक पडद्याकडे कमी पाहतो आणि मंचाकडे जास्त. तो अधूनमधून शेवटच्या रांगेत जाऊन ऐकतो. तिथल्या वृद्ध श्रोत्याला शेराचा शेवटचा शब्द कळला, तरच त्याचे काम नीट झाले. यंत्र आकडे लक्षात ठेवते. ऐकण्याचे काम माणसानेच करायचे असते.

शब्दार्थ
क्षीण – दुबळा
कंपन – थरथर
मांडणी – रचना
जतन करणे – सांभाळून ठेवणे
विसंबणे – भरवसा ठेवणे
कर्कश – कानाला त्रास देणारा
ध्वनिसंयोजक – मिक्सर चालवणारा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'गेन' म्हणजे काय?
(आ) मॉनिटर कशासाठी ठेवतात?
(इ) मिक्सरला यूपीएस का जोडावा?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) १२ मायक्रोफोन असले, तरी १६ मायक्रोफोनचा मिक्सर घ्यावा.
(आ) दुपारचा सीन रात्री पुरेसा ठरत नाही.

प्र. ३. विरुद्धार्थी शब्द लिहा.
हलका, रिकामे, जवळ, कमी

प्र. ४. आवाज, मैफल, कागद, शायर हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी पाच मराठी शब्द शोधा व वाक्यांत वापरा.

उपक्रम : शाळेच्या कार्यक्रमात शेवटच्या रांगेत बसून ऐका. कोणते शब्द ऐकू आले नाहीत, ते लिहा आणि त्याचे कारण शोधा.