उजवीकडून सुरू होणारी ओळ

समजा, बेलापूरच्या एका शिक्षकांना संगणकावर मराठी व उर्दू अशा दोन्ही भाषांत गुणपत्रक तयार करावयाचे आहे. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात, उर्दू उजवीकडून डावीकडे. संगणकाला हे कसे कळावे?

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. संगणकाच्या स्मृतीत डावे-उजवे नसते. असतो तो केवळ क्रम. ‘किताब’ हा शब्द उर्दूत काफ, ते, अलिफ, बे अशा चार अक्षरांनी लिहितात. स्मृतीत काफ पहिले, बे चौथे. पडद्यावर मात्र काफ सर्वांत उजवीकडे हवे. हा भेद न जाणणारी प्रणाली काफ डावीकडे मांडते आणि शब्द वाचता येत नाही.

मग सबंध ओळच उलटी मांडली तर? येथेच घोटाळा होतो. उर्दूतही आकडे डावीकडून उजवीकडेच लिहितात. ओळ सरसकट उलटवली, की ४५ गुणांचे ५४ होतात! शब्द उलटला तर डोळ्यांना खटकतो. आकडा उलटला तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

यावर उपाय युनिकोडमध्ये सापडतो. या संकेतपद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यात प्रत्येक चिन्हाला क्रमांकाबरोबर दिशेचा गुणधर्मही दिलेला असतो. मराठी आणि उर्दू अक्षरे ‘प्रबळ’. त्यांची दिशा ठरलेली. उर्दू मजकुरातील आकडे ‘दुर्बळ’. ते आपला क्रम राखतात, पण त्यांची जागा शेजाऱ्यांवरून ठरते. मोकळी जागा, उद्गारचिन्ह ही ‘तटस्थ’. दोन्ही बाजूंना एकाच दिशेची अक्षरे असली तर ती दिशा, नाहीतर परिच्छेदाची दिशा ती घेतात.

परिच्छेदाची दिशा बहुधा पहिल्या प्रबळ अक्षरावरून ठरवितात. म्हणून उर्दू वाक्याचा आरंभ मराठी नावाने झाला, तर शेवटचे उद्गारचिन्ह डाव्या टोकाऐवजी उजव्या टोकाला जाते. अशा वेळी परिच्छेदाची दिशा आपणच ‘उजवीकडून’ अशी निवडावी.

आता हा प्रयोग करा. तीन चिठ्ठ्यांवर उ१, म, उ२ असे लिहा. उ म्हणजे उर्दू शब्द, म म्हणजे मराठी. स्मृतीतील क्रम हाच आहे. परिच्छेद प्रथम उजवीकडून, मग डावीकडून सुरू होतो असे समजून चिठ्ठ्या मांडा. कोणती चिठ्ठी जागची हलत नाही? आणि का?